रहस्यकथा मांगा वाचायचीय, पण सुरुवात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीतल्या वाचनकट्ट्यावर दर रविवारी सातवी ते बारावीतली मुलं जमतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या दप्तरांतून जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, निघू लागल्या. त्यातही खून, चोरी, बंद खोली, सांकेतिक चिठ्ठी असलं काही असणाऱ्या जास्त. मीही त्यांच्यासोबत वाचत गेले आणि त्यात पुरती अडकले. मुलांनी आणि त्यांच्या आईबाबांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठल्याही प्रकरणातला खुनी इथे सांगितलेला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

रहस्यकथा पुस्तकांतही असतात. मग मांगाच कशाला?

कारण इथे पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर काढून ठेवलेला असतो.

कादंबरीत "टेबलावर दोन कप होते" असं वाक्य आलं की मुरलेला वाचक लगेच कान टवकारतो. लेखक उगाच कप मोजणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. मांगात ते दोन कप चौकटीच्या कोपऱ्यात नुसते पडलेले असतात. समोर दोन माणसं तावातावाने भांडत असतात आणि आपण त्यांचे चेहरे बघत पान उलटतो. वीसेक पानांनंतर डिटेक्टिव्ह त्या कपांचा विषय काढतो. आपण मागे जाऊन बघतो, तर कप तिथेच असतात, पहिल्यापासून. चित्रकाराने काहीही लपवलेलं नसतं, आपली नजर तेवढी दुसरीकडे नेलेली असते. या क्षणासाठी मी अशा मांगा वाचते.

जपानीत अशा कोड्यासारख्या बांधलेल्या रहस्यकथेला 'होनकाकु' म्हणतात, म्हणजे अस्सल वळणाची. तिची अट अशी की उलगड्याला लागणारी प्रत्येक गोष्ट वाचकाला आधी दिसलेली असली पाहिजे. चित्रकथेत ही अट पाळणं जास्त अवघड आहे, कारण दाखवायचं तर काढावं लागतं आणि काढलं की ते दिसतंच.

खुनी दाखवायचा पण ओळखू द्यायचा नाही, ही अशीच आणखी एक पंचाईत. कादंबरीत "एक सावली दाराआड सरकली" एवढ्यावर भागतं. 'डिटेक्टिव्ह कॉनन'मध्ये त्यावर एक छान तोड काढली आहे. गुन्हा करणारा नेहमी संपूर्ण काळ्या आकृतीसारखा काढतात, फक्त डोळे आणि दात पांढरे. बाई की पुरुष, जाड की बारीक, काही कळत नाही. ही काळी आकृती वाचकांच्या इतकी आवडीची झाली की २०१७ मध्ये तिलाच नायक करून एक वेगळी विनोदी मालिका सुरू झाली.

अगदी पहिल्यांदा वाचतोय. कुठली घेऊ?

'डिटेक्टिव्ह कॉनन', पहिला खंड. इंग्रजीत ती 'केस क्लोज्ड' या नावाने मिळते, त्यामुळे दुकानात शोधताना दोन्ही नावं लक्षात ठेवा.

गोशो आओयामा यांनी ती जानेवारी १९९४ मध्ये 'शोनेन संडे' या साप्ताहिकात सुरू केली. शिनइची कुदो हा सतरा वर्षांचा, पोलिसांना मदत करणारा हुशार पोरगा. काळ्या कपड्यांतली दोन माणसं त्याला एक विष पाजतात. तो मरत नाही, पण त्याचं शरीर पहिलीतल्या मुलाएवढं होतं. डोकं सतराचं आणि उंची सात वर्षांची. जिवंत असल्याचं कळू नये म्हणून तो कॉनन एदोगावा असं नाव घेतो आणि मैत्रीण रान हिच्या घरी राहायला जातो. तिचे वडील कोगोरो मोरी हे खाजगी गुप्तहेर, पण बेताचेच. कॉनन त्यांना घड्याळातल्या सुईने झोपवतो आणि बो-टायमध्ये बसवलेल्या यंत्रातून त्यांच्या आवाजात खटला उलगडतो.

ऐकायला हे सगळं पोरकट वाटतं, मान्य आहे. पण त्यात एक मोठी सोय आहे. आपलं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही, हे तेरा-चौदाच्या मुलाला रोज जाणवत असतं. कॉननला सगळं कळलेलं असतं आणि मोठी माणसं त्याला खोलीबाहेर काढत असतात. आमच्या कट्ट्यावरच्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजी आवृत्तीत काही नावं बदलली आहेत. शिनइची तिथे जिमी, रान रेचल आणि कोगोरो मोरी रिचर्ड मूर होतात. माणसं तीच.

शंभराच्या वर खंड आहेत म्हणे! सगळे वाचावे लागतात का?

नाही. शंभरावा खंड २०२१ मध्ये आला आणि मालिका अजून चालू आहे, तेव्हा 'संपवण्या'चा नाद सोडा. बहुतेक प्रकरणं दोन-तीन-चार भागांची आणि स्वतंत्र असतात. काळ्या कपड्यांतल्या टोळीचं मोठं कथानक अधूनमधून डोकं वर काढतं.

पहिला खंड सगळ्यांनी वाचावाच. त्यानंतर सातवा जरूर वाचा. एका बेटावरचं पियानोचं प्रकरण त्यात आहे आणि त्याच्या शेवटाचा कॉननवर कायमचा परिणाम होतो. ओसाकाचा हेइजी हात्तोरी दहाव्या खंडात येतो, पांढऱ्या वेशातला चोर काइतो किड सोळाव्यात आणि आइ हाइबारा अठराव्यात. हाइबारा आल्यावर मालिकेचा सूर गडद होतो. माझ्या मते खरी गोडी तिथून लागते.

एक सूचना. खंड संपला म्हणून प्रकरण संपेलच असं नाही. आधी साप्ताहिकात येणारे भाग नंतर दहा-अकरा एकत्र बांधून पुस्तक होतं, त्यामुळे शेवटचं प्रकरण अनेकदा पुढच्या खंडात जातं. वाचनालयातून एकच खंड आणलात तर रविवारभर तळमळत बसाल. दोन आणा.

यातली नावं कुठेतरी ऐकल्यासारखी का वाटतात?

कारण ती खरंच ऐकलेली आहेत. आओयामांनी जगभरच्या रहस्यकथाकारांना आणि त्यांच्या डिटेक्टिव्हना जागोजागी नमस्कार केला आहे.

कॉनन एदोगावा या नावातला कॉनन म्हणजे शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल. एदोगावा म्हणजे एदोगावा रान्पो (१८९४ ते १९६५), जपानी रहस्यकथेचे आद्य लेखक. त्यांचं खरं नाव तारो हिराई. अमेरिकन रहस्यकथाकार एडगर अ‍ॅलन पो यांचं नाव जपानी उच्चारात भरभर म्हणून बघा, 'एदोगावा रान्पो' तयार होतं. त्यांची पहिली कथा १९२३ ची. १९३६ पासून त्यांनी मुलांसाठी लिहायला घेतलं आणि त्यातून बाल-गुप्तहेरांची एक टोळी जन्माला आली. कॉननच्या वर्गातल्या चिमुरड्यांची 'डिटेक्टिव्ह' टोळी तिचंच नाव लावते. रान्पोंच्या गुप्तहेराचं नाव कोगोरो आकेची, म्हणून इथले वडील कोगोरो.

पुढे चला. शेजारचे शास्त्रज्ञ आगासा म्हणजे अगाथा ख्रिस्ती. इन्स्पेक्टर मेगुरे म्हणजे फ्रेंच कथांतला मेग्रे. कॉनन आणि मंडळी राहतात तो भाग बेइका, म्हणजे होम्सच्या बेकर स्ट्रीटमधला बेकर. मोरींच्या कचेरीखालच्या कॅफेचं नाव पॉयरो, ख्रिस्तींच्या डिटेक्टिव्हचं. आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी आओयामा एका पानावर कुठल्यातरी गाजलेल्या डिटेक्टिव्हची ओळख करून देतात. आमच्याकडच्या एका मुलाने ती पानं वाचून वाचायच्या पुस्तकांची यादी केली आणि अकरावीपर्यंत ती पुरवली. मला यादी करायची वेळच आली नाही.

उलटं पुस्तक कसं वाचायचं? डोकं गरगरतं.

दोन दिवस गरगरेल, मग सवय होते. आपल्याला जे मागचं मुखपृष्ठ वाटतं तिथून उघडा. पानावर उजवीकडच्या वरच्या चौकटीपासून सुरुवात, डावीकडे सरकत खाली. चौकटीच्या आतले संवादाचे फुगेही तसेच, उजवीकडचा आधी.

पूर्वी पाश्चात्त्य प्रकाशक वाचकांच्या सोयीसाठी पानं आरशातल्यासारखी उलटी छापत. रहस्यकथेत ते फार घातक. उजव्या हाताने लिहिणारा माणूस डावखुरा होतो, घड्याळ उजव्या मनगटावर जातं आणि त्यावरच उलगडा बेतलेला असेल तर सगळं मुसळ केरात. म्हणून आताच्या आवृत्त्या मूळ दिशेनेच छापतात, हे आपल्या भल्याचंच आहे.

खुनी आपणच आधी ओळखायचा असेल तर कसं वाचावं?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न. उत्तर लांबलंय, चालवून घ्या.

पहिल्या वाचनात गोष्ट वाचा, काही शोधू नका. थांबायचं कुठे ते मात्र आधी ठरवा. कॉननमध्ये थांब्याची जागा ठरलेली आहे. तो मनगटावरच्या घड्याळाचं झाकण उघडून कोगोरोवर नेम धरतो, म्हणजे त्याला सगळं कळलंय आणि तुम्हालाही सगळं दाखवून झालंय. 'किंदाइची' मालिकेत नायक "सगळं कोडं सुटलं" असं ठासून सांगतो, तिथे थांबा. पुस्तक मिटा. बोट पानातच राहू द्या.

आता मागे या आणि फक्त चित्रं बघा, संवाद वाचू नका. मोठ्या चौकटी सोडून द्या. लहान, मुक्या, कुणाचाही चेहरा नसलेल्या चौकटी शोधा. दाराची मूठ, बुटांची जोडी, अर्धवट जळालेली मेणबत्ती. साप्ताहिकाच्या चित्रकाराला आठवड्याला पंधरा-वीस पानं काढून द्यावी लागतात. तो विनाकारण बुटांची जोडी काढत बसत नाही.

मग प्रत्येक संशयिताचे हात बघा. कुठल्या हातात काय आहे, आधी होतं ते नंतर आहे का. कपडे बघा: बाही ओली आहे का, जाकीट कधी काढलं. मग कोण कुठे बसलंय ते कागदावर काढा. जेवणाच्या टेबलाचा नकाशा मांगात दिला असेल तर तो शोभेसाठी दिलेला नसतो.

शेवटी, सगळ्यांचं बोलणं एकदा वाचा आणि एकच विचारा: याला हे कळलं कसं? न पाहिलेल्या गोष्टीबद्दल एखादा नेमकं बोलून जातो, अशी चूक कॉननमधले गुन्हेगार वारंवार करतात.

नववीतल्या एका मुलीने असं वाचून सलग तीन प्रकरणांत खुनी आधी सांगितला. चौथ्यात तिचा अंदाज साफ चुकला आणि त्या दिवशी ती जास्त खूष होती.

'किंदाइची' कॉननपेक्षा वेगळी कशी?

'किंदाइची' वयाने मोठी. १९९२ मध्ये 'शोनेन मॅगझिन' साप्ताहिकात सुरू झाली, कॉननच्या आधी. चित्रं फुमिया सातो यांची, लेखन आधी योझाबुरो कानारी आणि पुढे सेइमारू आमागी यांचं.

नायक हाजिमे किंदाइची हा कोसुके किंदाइचीचा नातू. हे आजोबा म्हणजे सेइशी योकोमिझो यांनी १९४६ मध्ये निर्माण केलेला, विस्कटलेल्या केसांचा, जपानमध्ये घरोघरी माहीत असलेला डिटेक्टिव्ह. नातू प्रत्येक प्रकरणात "आजोबांची शपथ" घेतो. आपल्याकडे घराण्याचं नाव राखायचं म्हणतात ना, तीच भावना, त्यामुळे आपल्या मुलांना ती लगेच पोचते.

प्रकरणं लांब, बहुधा खंडभर किंवा त्याहून मोठी. बेट, बर्फात अडकलेला वाडा, तुटलेला पूल असा बाहेर पडायला वाव नसलेला मुलूख. एकामागून एक खून आणि खुनी स्वतःला कुठलंतरी भयंकर नाव घेतो. शेवटी त्याची कहाणी येते आणि ती बहुतेक वेळा कुणा जवळच्या माणसाला गमावल्याची असते. कोडं म्हणून मला किंदाइची कॉननपेक्षा पक्की वाटते. पण मृतदेह मोठ्या चौकटीत आणि तपशिलात काढलेले आहेत, आणि मुलींवरून केलेले काही विनोद आज वाचताना खटकतात. दहावीच्या आधी मी ती देत नाही.

सुरुवातीच्या एका प्रकरणात सोजी शिमादा यांच्या १९८१ च्या गाजलेल्या 'टोकियो झोडिअ‍ॅक मर्डर्स' कादंबरीतली युक्ती वापरली आहे. कादंबरी कधीतरी वाचायचा विचार असेल तर आधी तीच वाचा. ती युक्ती आयुष्यात पहिल्यांदा एकदाच कळते, आणि ती मूळ जागी कळावी असं मला मनापासून वाटतं.

मुलगी सातवीत आहे. एवढे खून वाचून मनावर परिणाम होणार नाही का?

काळजी रास्त आहे. कॉननच्या पहिल्याच भागात रोलर कोस्टरवर एका माणसाचं मुंडकं उडतं. चित्र काळंपांढरं आहे, पण आहे. मुखपृष्ठामागे वयाची खूण असते, ती आधी बघा: इंग्रजी आवृत्त्यांवर साधारण तेरापासून पुढचे, सोळाच्या आसपासचे आणि प्रौढ अशा पायऱ्या असतात. कॉनन त्यातल्या मधल्या पायरीवर आहे.

माझा अनुभव असा की मुलांना रक्तापेक्षा अन्याय जास्त लागतो. मृतदेहावरून ती पटकन पुढे जातात. पण खुनी रडत आपली बाजू सांगतो, ती पानं वाचून गप्प होतात. म्हणून पहिला खंड तुम्ही स्वतः वाचा, एका रात्रीत होतो. मग तिला द्या आणि वाचून झाल्यावर विचारा, "तुला काय वाटतं, त्याला शिक्षा व्हायला हवी होती का?" ती उत्तर द्यायला बसली की तुमची निम्मी काळजी मिटेल. तिला रात्री दिवा लावून झोपावंसं वाटलं तर पुस्तक वर्षभर कपाटात ठेवा, काही बिघडत नाही.

खून अजिबात नको असतील तर?

मग 'ह्योका'. होनोबु योनेझावा यांच्या २००१ च्या कादंबरीवरून पुढे मांगा आणि अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, आली. शाळेतलं साहित्य मंडळ, चार सदस्य आणि साधीसुधी कोडी. खोलीला कुलूप कुणी लावलं? वाचनालयातलं एकच पुस्तक दर आठवड्याला वेगवेगळ्या मुली का नेतात? नायक ओरेकीला कष्टाचा कंटाळा आणि चितांदाच्या कुतूहलाला अंत नाही.

जपानमध्ये याला 'रोजच्या जगण्यातलं गूढ' असा वेगळा प्रकारच मानतात. काओरु कितामुरा यांच्या १९८९ च्या पहिल्या पुस्तकापासून तो रुजला. कुणी मरत नाही, तरी उलगडा झाल्यावर छातीत काहीतरी हलतं. शांत मुलांना हीच द्या.

'डेथ नोट' द्यावी का?

सोळाच्या पुढे, हो. बारा खंड, २००३ ते २००६, कथा त्सुगुमी ओबा आणि चित्रं ताकेशी ओबाता. इथे गुन्हेगार कोण हे पहिल्या पानांपासून माहीत असतं. तो सापडतो कसा, हे कोडं आहे. लाइट हा हुशार विद्यार्थी वहीत नाव लिहून माणसं मारतो आणि आपण न्याय करतोय असं मानतो. बरीच मुलं सुरुवातीला त्याच्या बाजूने असतात. त्यांना कधी वाटायला लागलं की हा चुकतोय, हे प्रत्येकाला विचारा. कट्ट्यावर या एका प्रश्नावर दीड तास गेला होता.

'प्रॉमिस्ड नेव्हरलँड' रहस्यकथा आहे का?

पहिले पाच खंड तरी नक्कीच. अनाथाश्रमातल्या मुलांना आपल्या घराचं भीषण सत्य कळतं आणि 'आई'च्या नकळत सगळ्यांना घेऊन निसटायचा बेत ते आखतात. आपल्यातला फितूर कोण, हा प्रश्न मनाला कुरतडत राहतो. पुढे ती साहसकथा होते. वीस खंडांत पूर्ण, हे आणखी एक सुख. भीतीदायक आहे, तेव्हा तेराच्या खाली नको.

गणित आवडणाऱ्यांसाठी काही?

'क्यू. ई. डी.', मोतोहिरो कातो यांची. १९९७ मध्ये सुरू झालेली ही मालिका पन्नास खंडांची. सोउ तोउमा हा अगदी कोवळ्या वयात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून शिकून परत जपानच्या साध्या शाळेत येऊन बसलेला मुलगा. सहसा एका खंडात दोन प्रकरणं, आणि त्यांत गणित-विज्ञान नुसतं तोंडी लावायला आलेलं नसतं.

'अपॉथेकरी डायरीज' दुकानात दोन वेगवेगळ्या दिसल्या. नकली कुठली?

दोन्ही अस्सल. नात्सु ह्युगा यांच्या एकाच कादंबरीमालिकेवरून दोन चित्रकारांनी वेगवेगळ्या प्रकाशकांसाठी मांगा केल्या: एक नेकोकुरागे यांनी, दुसरी मिनोजी कुराता यांनी. कथा एकच. नेकोकुरागेंची जास्त दिसते आणि चेहऱ्यांवरचे भाव त्यात फार सुंदर आहेत. एक निवडा आणि तिलाच धरून राहा, नाहीतर कुठपर्यंत वाचलं याचा पत्ता लागत नाही.

चीनच्या जुन्या राजवाड्यासारख्या कल्पित राज्यात ती घडते. औषधं आणि विषं जाणणारी माओमाओ अंतःपुरातल्या आजारांची आणि मृत्यूंची कारणं शोधते. आजीच्या बटव्यातली काढे-चूर्णं बघत वाढलेल्या मुलींना ही पोरगी आपलीच वाटते. अंतःपुर आणि गणिकांची वस्ती कथेत आहे, त्यामुळे पंधरानंतर.

'मॉन्स्टर' आणि 'इरेज्ड'चं नाव फार ऐकतो.

दोन्ही उत्तम, दोन्ही थोरांसाठी. 'इरेज्ड'मध्ये मुलांचं अपहरण आणि घरातली मारहाण आहे, तेव्हा सोळाच्या पुढे आणि शक्यतो घरात कुणाशी बोलत बोलत. नाओकी उरासावांची 'मॉन्स्टर' बारावीनंतर. थांबायला हरकत नाही, ती कुठे जात नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल, पण क्रम बदला. कॉननमध्ये मजकूर खूप असतो. उलगड्याच्या पानांवर फुगे अक्षरांनी गच्च भरलेले. 'प्रॉमिस्ड नेव्हरलँड'मध्ये वाक्यं छोटी आहेत, तिथून सुरू करा. आमच्याकडे मुलं जोडीने वाचतात. एक फुगा इंग्रजीत वाचतो, दुसरा तोच मराठीत म्हणतो. "तुझ्याकडे काय पुरावा आहे?" हे वाक्य सहा वेळा मराठीत म्हटलं की सातव्यांदा इंग्रजी शब्द आपोआप डोक्यात बसलेला असतो. प्रत्येक शब्दाला थांबू नका. चित्र अर्धं काम करतं.

सांकेतिक चिठ्ठ्या मला कधीच सुटत नाहीत. मी मठ्ठ आहे का?

मुळीच नाही. काही कोडी जपानी लिपीवर उभी असतात आणि भाषांतरात ती सोडवणं जवळपास अशक्य असतं. कॉननने घेतलेल्या विषाचं नाव एपीटीएक्स ४८६९. जपानीत आकडे अक्षरांसारखे वाचायची पद्धत आहे: चारचा शि, आठचा या, सहाचा रो, नवाचा कु. शि-या-रो-कु, म्हणजे शेरलॉक! जपानी मुलाला हे पटकन दिसेल, आपल्याला कसं दिसणार? मरणाऱ्याने अर्धवट लिहिलेलं अक्षर, नावातल्या चित्रलिपीचे तुकडे यांचंही तसंच. अशी प्रकरणं गोष्ट म्हणून वाचा आणि जागेची, वेळेची, वस्तूंची कोडी सोडवा. ती कुठल्याही भाषेत सुटतात.

अ‍ॅनिमे बघितलं तर मांगा वाचायची गरज आहे का?

अ‍ॅनिमे आपल्याला स्वतःच्या वेगाने ओढत नेतं. पान तुमच्या हातात असतं. थांबता येतं, मागे जाता येतं, दोन चौकटी शेजारी ठेवता येतात. रहस्यकथेत हाच तर खेळ आहे. दोन्हीची हौस असेल तर आधी वाचा.

फुकट वाचायला मिळतं त्या साइटवर वाचू का?

नका वाचू. त्या बहुतेक चोरीच्या प्रती असतात. पानं गहाळ, भाषांतर घाईचं, मध्येच जाहिराती, आणि रहस्यकथेत एक पान गेलं की सगळंच गेलं. शिवाय खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी खुन्याचं नाव लिहिलेलंच असतं.

सरळ मार्गानेही फुकट वाचता येतं. शुएइशा या प्रकाशकाचं 'मांगा प्लस' हे अ‍ॅप २०१९ पासून आहे, भारतात चालतं, आणि त्यावर अनेक मालिकांचे पहिले आणि ताजे भाग मोफत असतात. लक्षात ठेवा, कॉनन शोगाकुकानची आणि किंदाइची कोदान्शाची, म्हणजे दुसऱ्या प्रकाशकांची, त्यामुळे त्या तिथे शोधू नका. आणि सोपा उपाय म्हणजे चौघांनी मिळून वेगवेगळे खंड घ्यायचे आणि फिरवायचे. मात्र ओलं भजं खात वाचू नका, काळी शाई पसरते.

मित्राने खुनी कोण ते सांगून टाकलं. आता वाचण्यात काय अर्थ?

आता चित्रकाराने कसं फसवलं ते बघा. खुन्याचं नाव माहीत असताना त्याचा प्रत्येक चेहरा पुन्हा पाहणं हे वेगळंच वाचन आहे. आणि मित्राला पुढचा खंड सर्वांत शेवटी द्या.

मांगाच्या नादात मराठी वाचन सुटलंय. काय करावं?

तोडू नका, जोडून द्या. कॉनन आवडणाऱ्या मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश मोठ्यांच्या नाकावर टिच्चून गुन्हेगार पकडतो आणि "ट्टॉक" करतो. कॉननचा सख्खा भाऊ शोभेल. घरात आजोबा असतील तर त्यांना बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयबद्दल विचारायला सांगा. आमच्या कट्ट्यावर एक आजोबा नातीला सोडायला आले आणि धनंजय-छोटूच्या गोष्टी सांगत दोन तास बसले. आता नात त्यांना उलटं पुस्तक वाचायला शिकवते.

आम्ही जपानला जाणार आहोत. कॉननचं काही बघता येईल?

तोत्तोरी प्रांतातलं होकुएइ हे आओयामांचं गाव. युरा स्टेशनला तिथे कॉनन स्टेशन म्हणतात. तिथून रस्त्याकडेला कॉननचे पुतळे बघत चालत गेलं की २००७ मध्ये उघडलेलं आओयामांचं संग्रहालय लागतं. तोत्तोरीच्या विमानतळालाही कॉननचं नाव जोडलं आहे. टोकियोतच राहणार असाल तर इकेबुकुरो भागात रिक्क्यो विद्यापीठाजवळ एदोगावा रान्पोंचं घर आहे.

मला स्वतःची रहस्य मांगा काढायची आहे. कशी?

शेवटापासून. कुणी केलं, कसं केलं, आणि कुठल्या एका वस्तूमुळे पकडला गेला, हे तीन ओळींत लिहा. ती वस्तू चित्रात दिसणारी हवी: छत्री, चपला, टिफिनचा डबा. पहिल्यांदा खून नकोच, वर्गातून हरवलेला कंपासबॉक्स पुरे. संशयित तीन, पानं आठ.

आता ती वस्तू दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर काढा. चौकट बाकीच्यांएवढीच ठेवा, वस्तूवर जाड रेघ मारू नका, आणि त्याच चौकटीत कुणाला तरी काहीतरी गमतीचं बोलायला लावा म्हणजे वाचकाची नजर तिकडे जाईल. पेन्सिलीने कच्चं काढा. सहाव्या पानाशी मित्राला थांबवा आणि विचारा. त्याने लगेच ओळखलं तर वस्तू थोडी मागे सरकवा. उलगडा वाचूनही त्याला ती आठवली नाही तर थोडी पुढे आणा. तो काही न बोलता पानं मागे उलटायला लागला, की मग शाई घ्या.